वही मिटली तरी गाणं थांबू नये

आज बचत, हप्ता, कर्ज यातलं काही बोलणार नाही. आज बोलू या गाणं पाठ कसं करायचं, म्हणजे वही किंवा मोबाईल समोर न ठेवता भजन म्हणायचं कसं आणि पेटी वाजवायची कशी, याबद्दल.

बऱ्याच गटांनी आपलं भजनी मंडळ काढलं आहे. एकादशीला, हरिनाम सप्ताहात, कुणाच्या घरी पूजा असली की बोलावणं येतं. पण बसल्याबरोबर मांडीवर वह्या उघडतात. मग नजर वहीत, हातातले टाळ मागे-पुढे, आणि लाईट गेली की भजन बंद. त्याहून वाईट गोष्ट वेगळीच आहे. ज्या बायांना वाचता येत नाही, त्या आपोआप मागच्या रांगेत जाऊन बसतात. खरं तर जुन्या चाली त्यांनाच येतात. वहीमुळे ज्यांना येतं त्या मागे आणि ज्या शिकतायत त्या पुढे, असं उलटंच होऊन बसतं.

आपल्याकडे गाणं मुळात पाठच असायचं. दळण-कांडण करणाऱ्या जनाबाईंचे अभंग आपल्यापर्यंत आले ते आधी मुखातून. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली आणि तेरा दिवसांनी वर आली, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. लोकांना अभंग पाठ होते म्हणून गाथा वाचली, असाही तिचा अर्थ लावतात. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या 1 लाखाहून जास्त भरल्या. गाणाऱ्यांपैकी कित्येकींनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. तेव्हा ‘माझ्या डोक्यात काही राहत नाही’ असं कुणी म्हणू नका. डोक्यात राहतं, पण ठेवण्याची रीत असते.

पहिली रीत, आधी ऐका. नवीन अभंग घेतला की लगेच लिहायला बसू नका. दोन-तीन दिवस भाकरी करताना, शेंगा फोडताना नुसता ऐका. चाल कानात बसली की शब्दांना बसायला जागा मिळते.

दुसरी, अर्थ विचारा. न कळलेला शब्द सगळ्यात आधी निसटतो. गटात कुणालाच अर्थ येत नसेल तर गावातल्या बुवांना, गुरुजींना विचारा.

तिसरी, अभंगाचा साचा ओळखा. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी यमक जुळतं. म्हणजे तिसरा चरण आठवेना, तर दुसऱ्याचा शेवट कसा आहे ते बघा, तोच बोट धरून पुढे नेतो. लहान अभंगात बहुधा आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात आणि त्यांच्या शेवटी यमक. एखादं अक्षर कमी-जास्त होतं, पण साचा तोच राहतो. शेवटच्या कडव्यात संतांचं नाव येतं, म्हणून ते कडवं ओळखायला सोपं.

चौथी रीत सगळ्यात महत्त्वाची. वही बघून दहा वेळा म्हटलं म्हणजे पाठ झालं असं वाटतं, पण तेव्हा डोळे काम करत असतात, डोकं नाही. त्यापेक्षा एक कडवं दोनदा वाचा, वही मिटा आणि आठवून म्हणा. अडलं तरी लगेच उघडू नका, जरा ताण द्या. मग उघडून बघा, पुन्हा मिटा. या आठवण्याच्या कष्टानंच गाणं पक्कं होतं. वाचता न येणाऱ्या बाईला दुसरीनं एकदा म्हणून दाखवावं आणि मग गप्प बसून तिला आठवू द्यावं. मध्येच शब्द पुरवू नये.

पाचवी, कडव्यांचा क्रम. चार कडवी येतात, पण दुसऱ्यानंतर चौथंच तोंडात येतं, असं होतं ना? मग गाणं आपल्या घरात फिरवा. पहिलं कडवं अंगणातल्या तुळशीपाशी, दुसरं ओट्यावर, तिसरं चुलीपाशी, चौथं देव्हाऱ्यात. समजा पहिल्या कडव्यात नदी आहे, तर तुळशीपाशी नदी वाहतेय असं डोळ्यांसमोर आणा. दुसऱ्यात वीट असेल, तर ती ओट्यावर ठेवा. म्हणताना मनानं अंगणातून देव्हाऱ्यापर्यंत चालत जायचं. आणखी एक करा, कधीकधी शेवटच्या कडव्यापासून पाठ करायला घ्या. नेहमी पहिलंच कडवं घोटून पक्कं होतं आणि शेवटचं कच्चं राहतं.

सहावी, मध्ये अंतर ठेवा. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन अभ्यासकानं 1885 साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं बरंचसं पहिल्या काही तासांतच विसरायला होतं, आणि एका दमात घोकण्यापेक्षा दिवस सोडून उजळणी केली तर कमी कष्टात लक्षात राहतं. म्हणून एका दिवशी दोन तास बसू नका. आज पाठ केलं की रात्री एकदा, उद्या एकदा, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं, मग पुढच्या मासिक बैठकीत. दर वेळी दहा मिनिटं पुरतात.

आता पेटी वाजवणाऱ्या मैत्रिणींसाठी. हाताला सवय झाली की बोटं आपोआप चालतात. पण नुसत्या हाताच्या भरवशावर राहिलं तर एक अडचण येते. मध्येच थांबलात की पुन्हा अगदी सुरुवातीपासून घ्यावं लागतं. म्हणून प्रत्येक गाण्याच्या तीन गोष्टी तोंडपाठ ठेवा. ध्रुपद कुठल्या स्वरावर उठतं, कडवं कुठल्या स्वरावर चढतं आणि परत ध्रुपदावर कुठून उतरायचं. पट्टीही ठरवून टाका, समजा काळी चार, आणि मंडळात तीच वापरा. रोज पट्टी बदलली की बोटांची वाटही बदलते. सराव करताना एकदा दुसऱ्या कडव्यापासून, एकदा शेवटच्यापासून सुरू करून बघा. आणि पेटी बाजूला ठेवून तोंडानं सारेगम म्हणता येतं का तेही बघा. आलं, तर गाणं बसलं समजा.

एवढं करूनही ऐन वेळी अडलं तर? घाबरू नका. आपल्या भजनात एक म्हणते आणि बाकीच्या मागून म्हणतात. ही रीत पुढे म्हणणारीला वेळ देते. बाकीच्या मागून म्हणतायत तोवर तिनं पुढचा चरण मनात आणायचा. तरी आठवला नाही, तर सरळ ध्रुपद धरायचं. ध्रुपद सगळ्यांना येतं. तेवढ्यात कुणातरीच्या तोंडी पुढचं कडवं येतंच. टाळ मात्र थांबू द्यायचे नाहीत.

शेवटची गोष्ट गटाची. प्रत्येक गाण्याला दोन राखणदार नेमा, एक वयस्क आणि एक तरुण. मावशींनी चाल सांभाळायची, सुनबाईंनी शब्द. सुनबाईंनी ते वहीत जरूर उतरवून ठेवायचे, कारण मावशींबरोबर गाणं जायला नको. वही फेकायची नाही, ती पेटीखाली ठेवायची. हिशेबाचं रजिस्टर कसं अडलं तरच उघडतो, तसं.

या बैठकीला सही-अंगठे झाले की पंधरा मिनिटं काढा. एकच अभंग घ्या आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना पुढच्या रांगेत बसवा. चाल त्यांच्याकडून घ्या. महिनाभरानं वही मिटून म्हणा, आणि रेकॉर्ड करून आपल्या रेडिओकडे पाठवा. ऐकायला आवडेल.