घोड्याची पाठदुखी : ओळख व उपाय
खोगीर चढविताना घोडा अंग चोरू लागला, तंग आवळताच चावू लागला वा उतारावर अडू लागला, तर त्यास खोडकर समजून चाबूक मारू नये. त्याची पाठ दुखत असण्याचा संभव असतो. घोड्याच्या पाठीत १८ मणके असतात. खोगिराखाली त्यांची वरची टोके एकमेकांस घासू लागल्यास वेदना होऊ शकतात.

कण्याच्या दोन्ही बाजूंस बोटांनी हळूहळू दाबून पाहावे. दुखऱ्या जागी घोडा पाठ झटकन खाली घेतो. खोगिराखाली उगवलेले पांढरे केस हे पूर्वीच्या दाबाचे चिन्ह होय.

अशा घोड्यास विश्रांती द्यावी. खोगीर कण्यावर टेकू देऊ नये. पाय व खूरही तपासावेत, कारण लंगडेपणामुळेही पाठ आखडते. पशुवैद्याच्या सल्ल्याने प्रथम नुसते चालवून मगच भार वाढवावा.