परदेशांतील परीक्षा आणि आमचा विद्यार्थी

मुलानें परदेशीं जाऊन पदवी मिळवावी, असें आतां सिन्नरांतील पुष्कळ पालकांस वाटूं लागलें आहे. खर्चाची चौकशी सर्वच करितात. तेथें शिकवितात कसें व पारखतात कसें, हें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं. तेंच येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे १८९९ सालीं केंब्रिज येथें सीनियर रँग्लर झाले. त्या परीक्षेंत ठराविक वेळांत अवघड उदाहरणें सोडवावीं लागत व गुणानुक्रम जाहीर होई. ही रीत आपल्याकडील हुशार मुलास अनोळखी नव्हती. तो अनुक्रम १९०९ नंतर बंद झाला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत निराळाच प्रकार दिसला. (त्यांस शिष्यवृत्ति देणारे सयाजीराव गायकवाड मूळचे आपल्याच जिल्ह्यांतील कवळाण्याचे.) तेथें विद्यार्थ्यानें निबंध लिहावयाचा, तो गुरूंपुढें व सोबत्यांपुढें वाचावयाचा आणि आक्षेपांस उत्तर द्यावयाचें. मे १९१६ मध्यें गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गांत त्यांनीं हिंदुस्थानांतील जातींवर निबंध वाचला. पुढल्या वर्षीं तो छापला गेला. पीएच. डी.साठीं तर प्रबंध छापून त्याच्या प्रती द्याव्या लागत. प्रबंध १९२५ सालीं प्रसिद्ध झाला, आणि पदवी १९२७ सालीं हातीं आली.

परदेशांतील पुष्कळ विद्यापीठें आज या दुसऱ्या रीतीनें चालतात. वर्षभराचे निबंध, प्रयोगांचीं टिपणें, वर्गांतील चर्चा, या साऱ्यांस गुण असतात. आणि दुसऱ्याचें वाक्य त्याचें नांव न सांगतां लिहिलें तर ती चोरी गणली जाते. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें पहिल्याच निबंधांत पुस्तकांतील दोन परिच्छेद जसेच्या तसे उतरले. त्यास शून्य मिळालें. येथें अशाच पाठांतरास आम्हींच पैकीच्या पैकी गुण दिले होते! मुलगा आळशी नव्हता. ‘माझें कोठें चुकलें?’ असें प्राध्यापकांस जाऊन विचारावयास त्यास दोन महिने लागले, कारण आपल्याकडे तें उद्धटपणाचें वाटतें. विचारल्यावर मात्र वाट सांपडली.

गेल्या वर्षीं आम्हीं नववीच्या वर्गास गोंदेश्वराचें देऊळ पाहून लिहावयास सांगितलें. बहुतेक वह्यांत एकाच पुस्तकांतील वाक्यें आलीं. एका मुलीनें मात्र मुख्य देवळाभोंवतालचीं चार लहान देवळें मोजून त्यांचा नकाशा काढून आणला, व खालीं लिहिलें, ‘यांपैकीं एक देऊळ कोणत्या देवाचें, हें मला ओळखतां आलें नाहीं.’ तिला किती गुण द्यावे, याविषयीं शिक्षकांच्या खोलींत बराच वेळ वाद चालला होता.