हिमालयन ४५० की गुरिल्ला ४५०? इंजिन तेच, मग फरक कुठे पडतो?

नवीन बाईक घ्यायची म्हटलं की अर्धे मित्र म्हणतात, "टूरिंगवाली घे, लडाखला जाऊ." उरलेले म्हणतात, "रोज ट्रॅफिकमधूनच जाणार ना? मग हलकी, चपळ गाडी घे." दोघांचंही बरोबर असतं. पण ईएमआय तुम्ही भरणार, त्यामुळे हा फरक नीट समजून घेऊया.

उदाहरणासाठी रॉयल एनफिल्डची जोडी सगळ्यात सोयीची. नोव्हेंबर २०२३ मध्ये हिमालयन ४५० आली आणि जुलै २०२४ मध्ये तेच इंजिन घेऊन गुरिल्ला ४५०. दोन्हींत ४५२ सीसीचं लिक्विड-कूल्ड इंजिन, ताकद सुमारे ४० पीएस, टॉर्क ४० एनएम, सहा गिअर. म्हणजे ताकदीचा वाद इथेच संपला. आता बाकीचे आकडे बघा.

कागदावरचा फरक (हिमालयन / गुरिल्ला)

- वजन: १९६ किलो / १८५ किलो
- सीटची उंची: ८२५ मिमी / ७८० मिमी
- पेट्रोल टाकी: १७ लिटर / ११ लिटर
- पुढचं चाक: २१ इंच / १७ इंच
- ग्राउंड क्लिअरन्स: २३० मिमी / १६९ मिमी

वजनापेक्षा उंची महत्त्वाची

वजनात फरक फक्त ११ किलोंचा. त्यातले साधारण चार किलो तर मोठ्या टाकीतल्या जास्तीच्या पेट्रोलचेच. मग गुरिल्ला एवढी हलकी का वाटते? कारण हिमालयनमध्ये वजन वरच्या बाजूला आहे आणि सीटही उंच आहे. उंची साडेपाच फुटांच्या आसपास असेल, तर सिग्नलला हिमालयनवर पाय जेमतेम टेकतो. घाटातल्या उतारावर, मागे कोणी बसलेलं असताना गाडी जरा कलली, की सावरणं अवघड जातं. बाईक बऱ्याचदा वेगात नाही, अशी उभ्या उभ्याच पडते.

चाकांचा खेळ

मोठं चाक खड्ड्यात कमी बुडतं, दगडावरून सहज चढतं. म्हणून खराब रस्त्यावर २१ इंची चाक आणि लांब सस्पेन्शन हात-पाठ वाचवतं. १७ इंची चाक पटकन वळतं, त्यावर रुंद टायर बसतो आणि डांबरी वळणांवर गाडी विश्वासाने झुकते. ताम्हिणीत रस्ता चांगला असेल तर गुरिल्ला जास्त मजा देईल. पावसाळ्यानंतर खड्डे पडलेल्या त्याच रस्त्यावर हिमालयनवाला निवांत असेल.

एक गोष्ट मात्र विसरू नका: पंक्चर. गुरिल्लाला अलॉय चाकं आणि ट्युबलेस टायर आहेत, किट जवळ असेल तर पंक्चर रस्त्याकडेलाच काढता येतं. हिमालयन सुरुवातीला ट्यूबवाल्या स्पोक चाकांवर आली, ट्युबलेस स्पोकचा पर्याय नंतर आला. बुक करताना तुम्हाला कोणती चाकं मिळणार, ते विचाराच.

टाकीचा हिशोब

समजा लिटरला २८ किमी मिळाले. हिमालयन एका टाकीत ४७६ किमी जाईल, गुरिल्ला ३०८. पुणे ते पणजी साधारण ४५० किमी आहे, पण वाटेत पंप भरपूर, त्यामुळे गुरिल्लावाला एकदा जास्त थांबेल इतकंच. मनाली-लेह रस्त्यावर गोष्ट वेगळी. तिथे टांडीच्या पंपावरचा 'पुढचा पंप ३६५ किमी' हा फलक प्रसिद्ध आहे. तिथे गुरिल्लासोबत पेट्रोलचा कॅन लागेल.

आपल्याकडे आणखी एक मुद्दा आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू या तिन्हींवर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे महाराष्ट्रात तुमची टूर बरीचशी जुन्या हायवेवरून आणि घाटांतून होणार. तिथे सुसाट वेगापेक्षा ब्रेक, आराम आणि सामान बांधायची सोय जास्त कामी येते. हिमालयनला छोटी विंडस्क्रीन आणि मागे कॅरिअर आहे. गुरिल्लाला वारा छातीवर घ्यावा लागतो.

फोन आणि मॅप

दोन्हींसाठी गोल टीएफटी स्क्रीन आहे आणि तिच्यावर गुगल मॅप्स दिसतो. मात्र गुरिल्लाच्या सुरुवातीच्या स्वस्त व्हेरिएंटमध्ये ही स्क्रीन नव्हती, तेव्हा व्हेरिएंट बघून घ्या. मॅप चालतो तुमच्या फोनमधल्या ॲपवरून, त्यामुळे फोन तापतो, बॅटरी उतरते. टाइप-सी केबल जवळ ठेवा आणि ऑफलाइन मॅप आधीच डाउनलोड करा.

मग कोणती घ्यायची?

कॅलेंडर समोर घ्या. वर्षातले ३०० दिवस कॉलेज-ऑफिस आणि दोन-तीन वीकेंड ट्रिप असतील, तर गुरिल्ला. दर महिन्याला लांबचा प्रवास, सोबत सामान, कच्चे रस्ते असतील, तर हिमालयन. वर्षातून एका लडाख ट्रिपसाठी रोज उंच गाडी सांभाळण्यापेक्षा त्या आठवड्यापुरती तिथे भाड्याने घेणं परवडतं. बजेट ताणलेलं असेल तर हेही लक्षात घ्या: सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाईकवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्यांवर ४० टक्के.

टेस्ट राइडला शोरूमसमोर एक चक्कर मारून परत येऊ नका. या तीन गोष्टी करा:

- अरुंद रस्त्यावर यू-टर्न घ्या.
- मागे मित्राला बसवून चढावर थांबा आणि पुन्हा निघा.
- इंजिन बंद करून गाडी पार्किंगमधून मागे ढकला.

ज्या गाडीवर हे तिन्ही जमेल, ती तुमची. रील बघून घेतलेली गाडी रील संपल्यावरही रोज पार्किंगमधून बाहेर काढावी लागते.