बांगड्या, मटण आणि बी-१२

वैशाख पौर्णिमेला विहारात रक्तदाब आणि साखरेची तपासणी ठेवली की बायकांची रांग दारापर्यंत जाते. पुरुष मात्र मंडपाच्या खांबाला टेकून उभे. "आम्हाला काय धाड भरलीय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. यंदा एक काका मुलाला दंडाला धरून आत आले. स्वतःला तपासायला नव्हे, मुलाची तक्रार करायला.

"सिस्टर, जयभीम. याला जरा समजावा. तीन वर्षं झाली, मटण सोडलं, अंडी सोडली, घरात दुधाचा चहासुद्धा घेत नाही. व्हीगन म्हणे! उद्या बांगड्या भरेल हा."

आम्ही हसलो. वॉर्डात ड्युटीवर जाताना बांगड्या काढून ठेवाव्या लागायच्या; त्या हातांनी रात्र रात्र काय काय उचललं ते काकांना कुठे ठाऊक! काका चहाला बाहेर गेले तेव्हा मुलगा हळूच बोलला. चोवीस वर्षांचा, कंपनीत रात्रपाळी. सहा महिन्यांपासून पायाला मुंग्या येतात, अंधारात चालताना तोल जातो, जिना चढला की थकवा येतो. मग घरी सांगितलं का नाहीस?

"सांगितलं असतं तर पप्पा जिंकले असते."

वाचकहो, हे वाक्य ऐकून आम्ही गप्प झालो. मटणाने पुरुषपण येतं की जातं या वादात पोरगं सहा महिने आजार लपवत होतं.

त्याच्या पायातल्या मुंग्यांमागे बी-१२ ची कमतरता असावी असा आम्हाला संशय आला. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी आणि दुधातून मिळतं. डाळ, भाजी, भाकरीत ते भरवशाचं मिळत नाही. यकृतात त्याचा साठा असतो, म्हणून खाणं बदलल्यावर त्रास लगेच दिसत नाही, दोन-चार वर्षांनी दिसतो. माणूस तोवर "मला तर काही झालं नाही" म्हणत असतो. फार काळ दुर्लक्ष झालं तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं. म्हणून जो व्हीगन आहे त्याने बी-१२ ची गोळी डॉक्टरांना विचारून नियमित घ्यायलाच हवी. यात मन मोठं असून भागत नाही.

आम्ही दोघांनाही रक्त तपासायला सांगितलं. काका चिडले. "मी आठवड्याला दोनदा मटण खातो, मला काय धाड भरलीय?" पण आठ वर्षांपासून ते साखरेसाठी मेटफॉर्मिनच्या गोळ्या घेतात. ही गोळी वर्षानुवर्षे घेतली तर अन्नातलं बी-१२ अंगी लागणं कमी होऊ शकतं. ॲसिडिटीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांचंही तेच. रिपोर्ट आला. दोनशेच्या वर असावं ते मुलाचं १२८ आणि काकांचं १६५. काकांच्याही तळपायाला मुंग्या येत होत्या. त्यांनीही घरात सांगितलं नव्हतं. (गोळी मात्र मनाने बंद करायची नाही, वर्षातून एकदा बी-१२ तपासायचं.)

काकांचा राग आम्हाला समजतो. आपल्या ताटाकडे बोट दाखवूनच आपल्याला वेशीबाहेर ठेवलं गेलं. गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' मध्ये उलगडून दाखवला. २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात बैलाचं मांसही बंद झालं आणि वस्तीतलं स्वस्त प्रथिन, स्वस्त लोह गेलं. चान्या वाळत घालणारी आजी ज्यांनी पाहिली, त्यांना "मांस सोडा" हे शब्द शुद्ध-अशुद्धाच्या जुन्या पट्टीसारखे लागणारच.

पण हे पोरगं सोवळ्यातून बोलत नव्हतं. पोल्ट्रीच्या गाडीत एकमेकांवर कोंबलेल्या कोंबड्या रोज रात्री पाहून त्याला पहिलं शील आठवलं, एवढंच. त्याच्यावर कुणी सक्ती केली नव्हती, त्यानेही करू नये. भिक्खूंना मांस-मासे बंद करा, अशी देवदत्ताची मागणी बुद्धांनी नाकारली होती. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेब मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक करतात. त्या ओळी बापलेकांनी एकत्र बसून वाचाव्यात, असं आम्ही सुचवलं. वाचल्या की नाही, माहीत नाही.

राहिला ताकदीचा प्रश्न. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं पुरतात. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत २२ ते २४ ग्रॅम, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात जवळपास २५. मटकी, हुलगे, सोयाबीन आणि ज्वारीची भाकरी असं खाणारा पुरुष अशक्त राहण्याचं कारण नाही. दूध बंद असेल तर नाचणी-तीळ वाढवावेत. सोयाबीनने पुरुषपण जातं हा व्हॉट्सॲपवरचा निरोप आहे. नेहमीच्या प्रमाणात सोया खाणाऱ्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन घटल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. ते घटतं पोटावरच्या चरबीने, अपुऱ्या झोपेने, फार दारूने. जिममध्ये कुणी दंड फुगवायला इंजेक्शन देत असेल तर सावध. बाहेरून हार्मोन घेतलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं, वृषणं लहान होतात आणि शुक्राणू घटतात. मर्दानगी वाढवायला गेलेली पोरं मूल होत नाही म्हणून दवाखान्यात येतात.

काका मटण सोडणार नाहीत, आम्हीही सोडा म्हटलं नाही. तेल-तिखट आणि दारूचा ग्लास मात्र कमी करा, म्हणालो. डॉक्टरांनी दोघांना बी-१२ ची इंजेक्शनं लिहून दिली. आता ती घ्यायला बापलेक एकाच गाडीवर येतात.

तिसऱ्या खेपेला काकांनी मुलाला गाडी काढायला बाहेर पाठवलं आणि दार अर्धं लोटून, भिंतीकडे बघत, एक गोष्ट विचारली. बायकोजवळ वर्षभर काही जमत नाही; हे वयाने होतं ना? साखर असलेल्या माणसात हे रक्तवाहिन्या आकसल्याचं लक्षण असू शकतं, कधी कधी हृदयाच्या त्रासाच्या कितीतरी आधी दिसतं, असं आम्ही त्यांना सांगितलं आणि डॉक्टरांकडे नेऊन ईसीजी व चरबीच्या तपासणीची चिठ्ठी घेऊन दिली. त्यांनी ती चार घड्या करून आतल्या खिशात ठेवली, मुलाला दिसू नये अशी.