घरची बंदूक परगांवच्या मुलाकडे पाठवितांना

खरीपाचीं पिकें दाण्यावर येऊं लागलीं कीं, डोंगराकडेच्या गांवांतून एकच तक्रार ऐकूं येते. चार महिने खपून राखलेलें भुईमुगाचें वावर रानडुकरें एका रात्रींत उकरून टाकतात, आणि सकाळीं बांधावर उभें राहून कपाळास हात लावण्यावांचून शेतकऱ्यास दुसरा उपाय उरत नाहीं. अशा वेळीं ज्याच्या घरीं परवान्याची बंदूक आहे, त्यास ती शेतावर असावी असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु पुष्कळ कुटुंबांची जमीन आतां एके ठिकाणीं राहिलेली नाहीं. वडील मूळ गांवीं, मुलगा दुसऱ्या जिल्ह्यांतील आजोळच्या अथवा खरेदीच्या जमिनीवर, आणि बंदूक मात्र एकच व तीहि वडिलांच्या नांवावर, अशी स्थिति असते. मग ती मुलाकडे कशी पाठवावी, हा प्रश्न उत्पन्न होतो. आपल्या संघाच्या कांहीं सभासदांनीं तो मजला विचारला. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां कांहीं वर्षें परवान्यांचें काम मजकडे होतें, म्हणून त्याचें उत्तर येथें देत आहें.

नोकरींत असतांना घडलेली एक गोष्ट प्रथम सांगतों. एक वृद्ध बागायतदार दर मुदतीस परवान्याच्या नूतनीकरणासाठीं कचेरींत येत. गृहस्थ सरळ, साऱ्याची बाकी कधीं राहिली नाहीं, कीं कोणाशीं बांधावरून तंटा झाला नाहीं. एके वर्षीं अर्ज देतां देतां ते सहज म्हणाले, "भाऊसाहेब, यंदां बंदूक थोरल्याकडे धाडीन म्हणतों. तिकडे डुकरांनीं फार उच्छाद मांडला आहे." माझ्यापुढें कागदांचा ढीग होता. मीं नुसती मान हलविली व अर्जावर शिक्का मारला.

पुढें महिन्याभरांत त्यांनीं ती दुनळी बंदूक पोत्यांत गुंडाळली, कुदळी-फावड्यांच्या जुडग्यांत बांधली व गड्याच्या हवालीं करून त्यास मोटारीनें मुलाकडे रवाना केलें. वाटेंत नाक्यावर झडती झाली. गड्याजवळ ना परवाना, ना मालकाची चिठ्ठी. बंदूक जप्त झाली, गडी कोठडींत गेला, आणि बापलेक दोघेहि खटल्यांत गोंवले गेले. तारखांच्या खेपांत त्यांचा तो हंगाम गेला व पुढचाहि गेला. म्हातारबोवा एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणत, "माझीच वस्तु मीं माझ्याच मुलास धाडली, ह्यांत चोरी ती काय?" चोरी नव्हती हें खरें, परंतु अपराध होता. त्या दिवशीं मान हलविण्याऐवजीं मीं दोन वाक्यें बोललों असतों, तर हा अनर्थ टळता. तीं दोन वाक्यें आज विस्तारानें लिहितों.

पहिलें वाक्य असें, कीं बंदूक घराची नसते, परवानेदाराची असते. नांगर, पाभर किंवा पाण्याचें इंजिन बापाचें काय व लेकाचें काय, एकच. बंदुकीस हा न्याय लागत नाहीं. १८७८ सालचा जुना हत्यारांचा कायदा जाऊन १९५९ सालचा शस्त्र अधिनियम आला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आहे. त्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणें, ज्याच्या हातीं अग्निशस्त्र आहे त्याच्या स्वतःच्या नांवाचा परवाना असला पाहिजे. बापाच्या परवान्यानें मुलाचा ताबा कायदेशीर होत नाहीं. २०१९ सालीं अधिनियमांत दुरुस्ती होऊन विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा वाढविण्यांत आली. ती आतां कमींत कमी दोन वर्षें व जास्तींत जास्त पांच वर्षें कैद आणि शिवाय दंड अशी आहे. घरगुती व्यवहार म्हणून ह्यांत सूट ठेविलेली नाहीं.

दुसरें वाक्य असें, कीं दोन्हीं गांवें एकाच राज्यांत आहेत एवढ्यानें कांहीं सोपें होत नाहीं. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, राज्याची हद्द ओलांडली तरच कायदा आडवा येतो. कांहींचे भाचे-पुतणे अमेरिकेंत असतात व त्यांजकडून तेथील गोष्टी कानावर येतात. तेथें मध्यवर्ती सरकारच्या कायद्याप्रमाणें साध्या नागरिकास आपल्याच राज्यांतील दुसऱ्या रहिवाशाकडे लांब नळीची बंदूक टपालानें पाठवितां येते, व परराज्यांत पाठवावयाची असल्यास परवानाधारक व्यापाऱ्यामार्फत जावें लागतें, हें खरें आहे. आपल्याकडे मात्र शस्त्रें व दारूगोळा हा विषय राज्यघटनेनें केंद्राच्या सूचींत घातलेला आहे. सर्व देशास एकच अधिनियम लागू असल्यामुळें, शेजारच्या तालुक्यांतील मुलगा आणि परराज्यांतील मुलगा कायद्यापुढें सारखेच. म्हणून बंदूक टपालाच्या, खाजगी पार्सलाच्या, मोटारीच्या चालकाच्या किंवा गड्याच्या हवालीं करण्याचा विचार मुळींच मनांत आणूं नये.

मग उपाय कोणता? उपाय आहेत, आणि ते सरळ आहेत.

अडचण तात्पुरती असेल, तर परवानेदारानें स्वतःच बंदूक घेऊन मुलाच्या शेतावर जावें, व ती आपल्याच ताब्यांत ठेवावी. निघण्यापूर्वीं परवाना उघडून त्यांत कोणतें क्षेत्र लिहिलें आहे तें वाचावें. कोणाचा परवाना जिल्ह्यापुरता असतो, कोणाचा राज्यभर चालतो. पीकरक्षणाचा परवाना तर बहुधा ठराविक जमिनीपुरताच दिलेला असतो. क्षेत्राबाहेर जावयाचें असल्यास आधीं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडून क्षेत्र वाढवून घ्यावें. प्रवासांत बंदूक रिकामी व म्यानांत असावी, काडतुसें निराळीं बांधावीं, आणि मूळ परवाना अंगावर असावा.

दुसऱ्या माणसाच्या हातीं बंदूक देण्याची मुभा कायद्यांत आहे, पण ती फार आखूड आहे. परवानेदाराच्या समक्ष, अथवा त्याच्या लेखी अधिकारपत्रानें, दुसरा इसम ती वाहून नेऊं शकतो. मात्र तें दुरुस्तीसाठीं, परवान्याच्या नूतनीकरणासाठीं किंवा खुद्द परवानेदाराच्या वापरासाठींच. मुलानें वापरावी म्हणून गड्याच्या हातीं चिठ्ठी देऊन पाठविली, तर ती चिठ्ठी त्यास वांचवीत नाहीं.

मुलाकडे बंदूक कायमचीच द्यावयाची असेल, तर आधीं मुलानें आपल्या नांवाचा परवाना काढावा. त्याचें वय २१ वर्षें पुरें असलें पाहिजे. जिल्ह्यांत हा अर्ज जिल्हा दंडाधिकारी ह्या नात्यानें जिल्हाधिकाऱ्याकडे जातो, आणि जेथें पोलीस आयुक्तालय आहे तेथें आयुक्ताकडे. पीकरक्षण हें कारण असल्यास सात-बाराचा उतारा व पिकाखालील क्षेत्राची माहिती जोडावी. खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठीं ठासणीची बंदूक मागणाऱ्यास परवाना द्यावा असें अधिनियमाच्या तेराव्या कलमांतच सांगितलें आहे. ती पुरेशी नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकहि देतां येते. अर्थात् अर्जदारास नाकारण्याचें कायदेशीर कारण नसावें, हें ओघानें आलेंच.

मुलाचा परवाना हातीं आल्यावर वडिलांनीं आपला इरादा, आणि बंदूक ज्यास द्यावयाची त्याचें नांव व पत्ता, जिल्हा दंडाधिकाऱ्यास अथवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अंमलदारास लेखी कळवावा. कळविल्यापासून निदान ४५ दिवस लोटल्याखेरीज बंदूक हातावेगळी करूं नये. ह्या अर्जाची पोंच अवश्य घ्यावी व ती जपून ठेवावी. कारण सूचना न देतां बंदूक देणें हा निराळा अपराध आहे. मुदत संपल्यावर मुलानें आपला परवाना घेऊन स्वतः यावें, दोन्हीं परवान्यांवर नोंदी करून घ्याव्या व बंदूक आपल्या हातानें न्यावी. म्हणजे "पाठविण्याचा" प्रश्नच उरत नाहीं.

वृद्ध परवानेदारांसाठीं २०१६ च्या शस्त्र नियमांत एक सोय आहे, ती पुष्कळांस ठाऊक नाहीं. परवानेदाराचें वय ७० वर्षें झालें, किंवा त्यानें ती बंदूक २५ वर्षें बाळगली, ह्यांपैकीं जें आधीं घडेल तेव्हां तो आपल्या वारसाचें नांव सुचवूं शकतो, व त्या वारसास परवाना देण्याचा विचार होतो. वर सांगितलेल्या म्हातारबोवांस असा मार्ग आहे हें कोणी वेळीं सांगितलें असतें, तर पोत्याची गरजच पडली नसती. मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाजवळ दोनांहून अधिक अग्निशस्त्रें असूं शकत नाहींत, आणि वारसाहक्कानें आलेलें शस्त्रहि त्या दोनांतच मोजलें जातें. परवान्याची मुदत त्याच दुरुस्तीनें तीन वर्षांची पांच वर्षें झाली आहे.

परवानेदार निवर्तल्यावर घरच्यांकडून होणारी चूक तर नेहमींची आहे. तेराव्यापर्यंत बंदूक खुंटीस लटकत राहते, मग वर्षश्राद्धापर्यंत राहते, आणि कोणास तिची आठवण होत नाहीं. मालक गेला त्या क्षणीं त्याचा परवाना संपला, व घरांत राहिलेली बंदूक विनापरवाना झाली. म्हणून अकारण विलंब न लावतां ती जवळच्या पोलीस ठाण्यांत अथवा परवानाधारक शस्त्रव्यापाऱ्याकडे जमा करावी व पावती घ्यावी. जमा केल्यानें वारसाचा हक्क बुडत नाहीं. ठरलेल्या मुदतींत परवाना मिळविल्यास ती परत घेतां येते, किंवा हक्कदार माणसास विकतां येते. मुदत गेली तर मात्र ती सरकारजमा होते. भाऊबहिणी असल्यास त्यांचें ना-हरकत पत्र आधींच तयार ठेवावें, म्हणजे अर्ज अडत नाहीं.

येथें आणखी एक गोष्ट सांगणें जरूर आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. रानडुकरासारख्या वन्य प्राण्यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचें संरक्षण आहे. उभ्या पिकास धोका होत असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यानें अधिकार दिलेला अधिकारी लेखी आज्ञा देऊं शकतो. पण ती आज्ञा हातीं असल्याशिवाय गोळी घालणें म्हणजे एका संकटांतून निघून दुसऱ्यांत पडणें होय. म्हणून वनखात्याकडील अर्जहि मुलानें आपल्या शेतासाठीं आपल्याच नांवानें करावा.

ह्या सर्वांस वेळ लागतो, हें मी जाणतों. पोलीस चौकशी, ४५ दिवसांची मुदत, कचेरीच्या खेपा ह्यांत महिने जातात, आणि डुकरें कोणाच्या अर्जाची वाट पाहत नाहींत. म्हणूनच माझें सांगणें इतकेंच, कीं जें पीक आश्विनांत राखावयाचें त्याचा अर्ज चैत्रांत द्यावा. बियाण्याची तजवीज आपण मृगाच्या आधीं करितों, तशीच ह्या कागदाचीहि करावी. हंगाम अंगावर आल्यावर मनुष्य घायकुतीस येतो, आणि मग त्याचा हात पोत्याकडे जातो.

भुईमुगाचें एक वावर गेलें तर पुढच्या वर्षीं तें पुन्हा पेरतां येतें. परंतु मुलाच्या नांवावर बसलेला फौजदारी खटला पुसून काढणें बापाच्या हातीं राहत नाहीं. घरीं बंदूक असलेल्या प्रत्येक कास्तकारानें आज संध्याकाळीं परवाना पेटींतून काढावा, त्यांतील नांव, क्षेत्र व मुदत हीं तिन्हीं वाचावीं, आणि घरांतील कर्त्या मुलासहि वाचून दाखवावीं.