संगणक सुरू होत नाही तेव्हा

'संगणक बंद पडला' हे वाक्य अनेक घरांत एकाच सुरात उच्चारले जाते. परंतु या एका वाक्याखाली निरनिराळ्या अवस्था दडलेल्या असतात. बटण दाबले तरी काहीच होत नाही, ही एक अवस्था. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो, ही दुसरी. पडद्यावर अक्षरे उमटतात आणि काम तेथेच थांबते, ही तिसरी. 'बरे वाटत नाही' एवढ्या शब्दांवर वैद्य औषध देत नाही. दुखते कोठे, हे तो आधी विचारतो. संगणकाच्या बाबतीत हा भेद ज्याला सांगता येत नाही, त्याला दुकानदाराने 'मदरबोर्ड गेला' असे म्हणताच मान डोलवावी लागते आणि एखादे वेळी सैल झालेल्या वायरपायी हजारो रुपये मोजावे लागतात.

बिघाड ओळखण्यासाठी विजेची वाट समजून घेतली पाहिजे. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाची असून तिचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो. संगणकाच्या अंतर्भागातील नाजूक घटकांना हा प्रत्यावर्ती प्रवाह चालत नाही. त्यांना १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा दिष्ट प्रवाह लागतो. हे रूपांतर करणारी पत्र्याची पेटी पेटाऱ्याच्या मागील बाजूस असते; तिला सर्वत्र 'एसएमपीएस' म्हणतात. आपले सर्व दाब स्थिर झाले, असा संदेश ही पेटी मदरबोर्डला देते आणि तो मिळाल्यावरच प्रोसेसर कामाला लागतो.

संगणक पूर्णपणे निपचित असेल, तर तपासणी भिंतीपासून सुरू करावी. त्याच सॉकेटमध्ये टेबलावरचा दिवा लावून पाहावा. तो लागला, तर एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएस तात्पुरते बाजूला ठेवून संगणक थेट भिंतीवरील सॉकेटला जोडावा. यूपीएसमधील बॅटरी काही वर्षांत क्षीण होते आणि दोष मात्र संगणकाच्या माथी येतो. एसएमपीएसच्या मागे बहुधा एक छोटा खटका असतो. झाडलोट करताना तो चुकून बंद झालेला असू शकतो. पुष्कळ मॉनिटरची वीजवायर संगणकाच्या वायरसारखीच असते. या दोन वायरी अदलाबदल करून लावल्या, तर वायर खराब आहे की नाही, याचा निकाल फुकटात लागतो.

यानंतर एक साधा उपाय करावा. प्लग काढून संगणकाचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, थोडे थांबावे आणि प्लग पुन्हा लावावा. हा तोडगा वाटत असला, तरी त्यामागे कारण आहे. जुन्या संगणकांत बटण वीजच तोडत असे. १९९५ मध्ये इंटेलने 'एटीएक्स' ही रचना आणली आणि बटणाचे काम बदलले. आता ते मदरबोर्डला केवळ सूचना देते. त्यामुळे 'बंद' संगणकातही, प्लग लावलेला असेपर्यंत, ५ व्होल्टचा लहानसा पुरवठा जागा राहतो. वीज एकाएकी वाढली किंवा कमी झाली, तर एसएमपीएसमधील संरक्षक व्यवस्था स्वतःला कुलूप लावून घेते. वीज पूर्ण काढल्यावरच ते उघडते. लॅपटॉपच्या बाबतीतही चार्जर काढून बटण दीर्घकाळ दाबण्याचा उपाय कित्येकदा लागू पडतो.

येथपर्यंतची तपासणी कोणीही करावी. एसएमपीएसची पेटी मात्र कोणीही घरी उघडू नये. तिच्यातील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाबाचा विद्युतभार साठलेला असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. ही पेटी खराब झाल्यास पूर्ण बदलणे हेच शहाणपणाचे. पेटाऱ्याच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर घरातील अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. तीन पिनांपैकी जाड पिन शोभेसाठी दिलेली नसते.

दुसरी अवस्था अधिक फसवी असते. पंखा फिरतो, म्हणून संगणक चालू आहे असे वाटते. परंतु पंख्याला फिरायला फक्त वीज लागते, बुद्धी लागत नाही. संगणक सुरू होण्याच्या क्रियेला 'बूट होणे' म्हणतात. आपल्याच बुटांच्या पट्ट्या ओढून स्वतःला वर उचलावे, अशी ही कल्पना आहे. कोणताही प्रोग्रॅम स्मृतीत आणण्यासाठी प्रोग्रॅमच लागतो. मग पहिला कोण आणणार? बीज आधी की वृक्ष आधी, असा हा पेच मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायमस्वरूपी ठेवलेल्या छोट्या प्रोग्रॅमने सोडवला आहे. तो प्रथम रॅम, कीबोर्ड, डिस्क यांची हजेरी घेतो. एखादा महत्त्वाचा घटक गैरहजर असेल, तर काही संगणक 'बीप' असा ठरावीक आवाज काढतात. किती आवाजांचा अर्थ काय, हे प्रत्येक कंपनीनुसार बदलते. म्हणून ते मोजून टिपून ठेवावेत आणि माहितीपुस्तिकेशी ताडून पाहावेत.

पडदा काळा असल्यास प्रथम मॉनिटरचा दिवा आणि त्याची केबल पाहावी. त्यानंतर संशय रॅमवर घ्यावा. (ज्या पेटाऱ्याला लोक 'सीपीयू' म्हणतात, त्यातील खरा सीपीयू जेमतेम काही सेंटिमीटरची चिप असते.) पावसाळ्यातील दमट हवा आणि धूळ यांमुळे रॅमच्या सोनेरी कडेवर पुट चढते व संपर्क तुटतो. प्लग काढून, पेटाऱ्याच्या पत्र्याला स्पर्श करून अंगावरील स्थिरविद्युत उतरवावी. मग रॅमची पट्टी कडांना धरून काढावी, सोनेरी कड स्वच्छ कोरड्या कापडाने पुसावी आणि दोन्ही बाजूंचे चिमटे 'टक्' असे वाजेपर्यंत पट्टी खाचेत बसवावी. अनेक दुरुस्तीदुकानांतील पहिला उपचार हाच असतो.

प्रत्येक वेळी घड्याळ जुने वर्ष दाखवत असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल संपला, असे समजावे. 'सीआर २०३२' या नावाने तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख चुकली की बँकेची संकेतस्थळे उघडत नाहीत आणि लोक दोष इंटरनेटला देतात.

तिसऱ्या अवस्थेत संगणक स्वतः बोलतो. त्याचे म्हणणे वाचले पाहिजे. 'ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही' अशा अर्थाचा संदेश आला, तर आधी मागे अडकून राहिलेला पेन ड्राइव्ह काढावा. संगणक कधीकधी त्यातच आपली प्रणाली शोधत बसतो. विंडोज अर्ध्यावर थांबत असेल, तर 'सेफ मोड' निवडावा. त्यात केवळ अत्यावश्यक भाग सुरू होतात आणि नुकताच घातलेला दोषी प्रोग्रॅम काढून टाकता येतो.

मात्र हार्ड डिस्कमधून 'टक्-टक्' असा आवाज येत असेल, तर पुन्हा पुन्हा बटण दाबण्याचा मोह टाळावा. तिच्या फिरत्या तबकडीवर वाचक टोक अतिसूक्ष्म अंतरावर तरंगत असते. ते तबकडीला घासू लागले, तर प्रत्येक प्रयत्नागणिक आतील मजकूर नष्ट होतो. याउलट एसएमपीएस किंवा मदरबोर्ड निकामी झाला, तरी डिस्कवरील दुकानाचे हिशेब, मुलांची छायाचित्रे, नोकरीचे अर्ज बहुधा सुरक्षित असतात. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, की ते वाचता येतात. अलीकडच्या काही संगणकांत मजकूर सांकेतिक रूपात साठवला जातो. तेथे त्याची परतीची किल्ली, म्हणजे ४८ अंकांचा क्रमांक, हाताशी असावा लागतो. दुरुस्तीला देताना 'माझ्या परवानगीशिवाय डिस्क फॉरमॅट करू नये' असे पावतीवर लिहून घ्यावे आणि डिस्कवर छापलेला क्रमांकही त्याखाली नोंदवून घ्यावा.