माझी मुलगी कोणत्या खेळात चमकेल?

आज एका आईच्या प्रश्नापासून सुरुवात करते. आपल्या आरे कॉलनीतल्याच एका पाड्यातली ही आई. तिची मुलगी बारा वर्षांची. शाळेच्या व्हॉलीबॉलच्या संघातून तिला वगळलं, कारण काय, तर उंची कमी. मग कोणीतरी सांगितलं, बोटांचे ठसे घेऊन मुलीचा खेळ कोणता ते सांगतात, पण त्याला काही हजार रुपये पडतात. आई विचारत होती, “ताई, भरू का पैसे?”

मी म्हटलं, “थांब. आधी घरातली टेप काढ.”

शरीराची ठेवण आणि खेळ यांचा संबंध खरा आहे, ते काही थोतांड नाही. पोहणाऱ्याला लांब हात कामाला येतात, कारण एका हातात जास्त पाणी मागे ढकललं जातं. अमेरिकेचा मायकेल फेल्प्स १९३ सेंटिमीटर उंच, पण दोन्ही हात पसरले तर २०१ सेंटिमीटर भरतात. जिम्नॅस्टिक्समध्ये याच्या उलट. आखूड शरीर हवेत पटकन गिरकी घेतं, म्हणून सिमोन बाइल्स १४२ सेंटिमीटर उंचीवर जगज्जेती झाली. उंच उडीला लांब पाय, गोळाफेकीला भरदार अंग, लांब पल्ल्याच्या धावण्याला हलकं अंग. कुस्तीत तर वजनाचे गटच असतात. आपल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं ते हलक्या वजनाच्या बँटमवेट गटात.

मग घरी काय मोजायचं? तीन गोष्टी. मुलीला अनवाणी भिंतीला टेकवून उभी करा आणि उंची घ्या. मग तिला सपाट पाटावर, पाठ भिंतीला लावून बसवा आणि पाटापासून डोक्यापर्यंतचं माप घ्या. ही बसलेली उंची. ती पूर्ण उंचीतून वजा केली की पायांची लांबी कळते. तिसरं, दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत. बहुतेकांचं हे माप उंचीच्या आसपासच येतं. उंचीपेक्षा बरंच जास्त आलं तर पोहणं, बास्केटबॉल, भालाफेक करून बघायला हरकत नाही. वहीत तारीख घालून लिहा आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.

पुढे उंची किती होईल, याचाही एक ढोबळ हिशेब आहे. आईवडिलांची उंची सेंटिमीटरमध्ये मिळवा. मुलगी असेल तर त्यातून १३ वजा करा, मुलगा असेल तर १३ मिळवा, आणि निम्मे करा. वडील १६५, आई १५२, तर मुलीचं उत्तर १५२. पण खरी उंची या आकड्याच्या आठ-नऊ सेंटिमीटर इकडे किंवा तिकडे असू शकते. म्हणजे हीच मुलगी १४४ सेंटिमीटरची होईल किंवा १६० ची. एवढा फरक असेल, तर त्या आकड्यावर तिचा खेळ ठरवायचा का?

आणि वय विसरू नका. मुलींची उंची साधारण अकरा-बाराव्या वर्षी झपाट्याने वाढते, मुलांची तेरा-चौदाव्या. पण एखादी दहाव्या वर्षीच वाढते आणि एखादी तेराव्या. एकाच वर्गातल्या या दोघी शेजारी उभ्या केल्या की पहिली खेळाडू वाटते आणि दुसरी किडकिडीत. तीन वर्षांनी चित्र उलटंही होतं. शिवाय उंची आईवडिलांकडून येते तशी ताटातूनही येते. घरात भावाला अंडं आणि बहिणीला नुसता डाळभात असं होत असेल, तर टेप मुलीचं शरीर नाही, आपला दुजाभाव मोजते.

ज्यांचं कामच निवड करण्याचं आहे, ते काय करतात? आपल्या राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत मुलं घेताना उंची-वजन घेतातच, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. ३० मीटर धावायला लावतात, ८०० मीटर धावायला लावतात, जागेवरून उडी, जड चेंडू फेकणं, पुढे वाकणं, वळणं घेत पळणं, हे सगळं बघतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेला वडिलांनी २००९ मध्ये याच प्रबोधिनीत घातलं. तिथे वर्षभर अंगमेहनतीचं शिक्षण झालं, मग एक खेळ निवडायचा होता. त्याने नेमबाजी निवडली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याला कांस्यपदक मिळालं. नजर, श्वास आणि मन किती स्थिर राहतं, हे कुठल्या टेपने मोजणार?

साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर आधी मॅरेथॉन पळायची. पुढे ती अडथळ्यांच्या ३००० मीटर शर्यतीकडे वळली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत धावली. स्वतःचा खरा खेळ तिला पळता पळता सापडला. आणि नाशिकजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत, आपल्यासारखीच आदिवासी पाड्यातली. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये तिने कांस्यपदक जिंकलं.

एक परदेशातली गोष्ट सांगते. २००७ मध्ये ब्रिटनने नौकानयनासारख्या खेळांसाठी उंच तरुण-तरुणी शोधायला सुरुवात केली. मुलींसाठी अट १८० सेंटिमीटरची. हेलन ग्लोव्हर दोनेक सेंटिमीटर कमी पडत होती. मोजताना ती हळूच चवड्यांवर उभी राहिली! निवड झाली, आणि २०१२ आणि २०१६ अशा दोन ऑलिंपिकमध्ये तिने नौकानयनात सुवर्णपदक मिळवलं. उंच मुली शोधायचा विचार बरोबर होता, म्हणून तिला ती संधी दिसली. पण अट काटेकोर पाळली असती तर ती मुलगी हातची गेली असती.

आता त्या आईच्या पैशांचं. बोटांवरच्या रेषा बाळ पोटात असतानाच तयार होतात आणि जन्मभर तशाच राहतात. त्यावरून ना दम कळतो, ना चपळाई, ना सरावाची जिद्द. थुंकी तपासून खेळ सांगणाऱ्या जनुक चाचण्याही निघाल्या आहेत. मुलांमधली गुणवत्ता शोधायला त्यांचा काही उपयोग नाही, असं क्रीडावैद्यक आणि जनुकशास्त्रातल्या तज्ज्ञांनी २०१५ मध्ये एकत्र येऊन लिहून ठेवलं आहे. तेव्हा पैसे भरू नका. त्यात मुलीचे चांगले बूट येतील.

त्या मुलीला मी मैदानावर बोलावलं. खुंट रोवले आणि वळणं घेत पळायला लावलं. उंचीने मागे राहिलेली ही पोरगी वळताना कोणाला सापडेना. रोज आरेतला चढउतार तुडवून शाळेत जाते, पायात तेवढा दम येणारच. सध्या ती खो-खो खेळते आहे. उद्या कदाचित धावेल, परवा आणखी काही. बारा-तेरा वर्षांपर्यंत दोन-तीन खेळ खेळू द्या. कांदिवलीला भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे, तिथे निवडचाचण्या कधी असतात याची शाळेतल्या क्रीडाशिक्षकांकडे चौकशी करत राहा.

आणि “तुझी उंची कमी” असं कोणी मुलीला म्हणालं, तर त्यांना एवढंच विचारा, “कोणत्या खेळासाठी?”

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.